जुन्या ॲम्बॅसेडरला इझुझूचे इंजिन बसवावे का?

आजोबांची १९६८ची ॲम्बॅसेडर चोर्ला घाटात दमते, म्हणून तिला इझुझू या जपानी कंपनीचे १.८ लिटरचे इंजिन बसवावे का, असे आपण विचारले आहे. हे इंजिन ॲम्बॅसेडर बनवणाऱ्या हिंदुस्थान मोटर्सनेच नव्वदच्या दशकात पाच गिअरांसह ॲम्बॅसेडरला दिले होते. त्यामुळे त्या इझुझू इंजिनाच्या ॲम्बॅसेडरचेच माउंटिंग (इंजिन धरून ठेवणारे आधार), गिअरबॉक्स आणि प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) मिळाल्यास मूळ १४८९ सीसी इंजिनाच्या जागी ते बसवणे तुलनेने सोपे जाते. मात्र ताकद वाढल्यावर जुने ड्रम ब्रेक अपुरे पडतात, आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक घातल्याशिवाय ती गाडी घाट उतरवू नये, असे माझे ठाम मत आहे. इंजिन उतरवल्यावर खालचा पत्राही तपासून घ्या, कारण आपल्याकडची खारी हवा तो आतून खाते.

आरटीओची मंजुरी आधी घ्यावी आणि नवा इंजिन क्रमांक आरसीवर नोंदवावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील गाडीलाच व्हिंटेज नोंदणी मिळते. इंजिन बदलल्यास आपण तो हक्क गमावाल. म्हणून आधी जुन्या इंजिनाचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील दाब), कार्ब्युरेटर आणि रेडिएटर तपासून पाहावेत, आणि ते इंजिन खरोखरच निकामी ठरले तरच इझुझूचा विचार करावा.