रिकाम्या फोल्डरचा पसारा : घरच्या सर्व्हरची प्रश्नोत्तरे

प्र. जुन्या डेस्कटॉपवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलंय. रोज रात्री आरसिंक या कॉपी करणाऱ्या कमांडने फोटो यूएसबी डिस्कवर जातात. परवा बघतो तर आतली मुख्य डिस्क शंभर टक्के भरलेली. तिथे तर मी काहीच ठेवत नाही! (विश्रामबाग, सांगली)

उ. ठेवताय, पण नकळत. मध्यंतरी कधीतरी लाइट गेली असणार, किंवा झाडताना केबल हलली असणार. यूएसबी डिस्क एका फोल्डरवर माउंट होते, म्हणजे त्या फोल्डरातून उघडते. डिस्क निसटली तरी ते फोल्डर जागेवरच असतं, रिकामं. आरसिंक बिचारा सांगकाम्या. फोल्डर दिसलं की ओतत सुटतो. म्हणजे सगळे फोटो मुख्य डिस्कवर. पुढे डिस्क परत माउंट झाली की हा ढीग तिच्याखाली झाकला जातो. मग डीएफ (डिस्कवरची जागा दाखवणारी कमांड) म्हणतं डिस्क भरली आणि शोधावं तर फाइली सापडत नाहीत. माझा एक अख्खा रविवार यात गेलाय.

डिस्क अनमाउंट करा आणि त्याच फोल्डरात डोकवा. तिथे जे आहे ते बॅकअप डिस्कवरही आहे ना, हे पाहूनच पुसा. मग रोज रात्री बॅकअप करणाऱ्या स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच माउंटपॉइंट कमांडची तपासणी टाका, डिस्क नसेल तर काम तिथेच थांबेल. एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे माउंट करायची, त्या यादीत) एसडीबी वगैरे नाव लिहू नका, ते बदलतं, यूयूआयडी (डिस्कचा स्वतःचा ओळखक्रमांक) लिहा. सोबत नोफेल हा पर्याय लिहिलात की डिस्क नसली तरी मशीन बूट होतं.

प्र. जेलीफिनवरचा (घरच्या सर्व्हरवरून सिनेमे दाखवणारं सॉफ्टवेअर) सिनेमा टीव्हीवर अडकतो, मोबाइलवर मात्र छान चालतो. नवा राउटर घेऊ का? (कराड)

उ. पैसे खिशातच राहू द्या. सिनेमा अडकत असताना सर्व्हरवर टॉप ही कमांड चालवा, कोणता प्रोग्रॅम प्रोसेसर किती वापरतोय ते दिसतं. एफएफएमपेग (व्हिडिओचं रूप बदलणारा प्रोग्रॅम) सगळ्यात वर दिसला आणि प्रोसेसर घामाघूम असला, तर दोष वायफायचा नाही. फाइल एच.265 या नव्या व्हिडिओ फॉरमॅटची असणार आणि टीव्हीला फक्त जुना एच.264 कळत असणार, म्हणून सर्व्हर जागेवर भाषांतर करत बसतो. सबटायटल बंद करूनही बघा. ती चित्ररूपात असली तर प्रत्येक फ्रेमवर छापावी लागतात. इंटेलचा सातव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर असेल तर जेलीफिनमध्ये क्विक सिंक (हे भाषांतर प्रोसेसरमधल्या खास भागाकडून करून घेणारी सोय) सुरू करा. त्याहून जुना असेल तर एच.265 स्वतः वाचणारा छोटा बॉक्स टीव्हीला लावलेला बरा.

प्र. दोन डिस्क रेड 1 मध्ये आहेत, म्हणजे दोन्हींवर तेच लिहिलं जातं. तरी वेगळा बॅकअप हवा? (मिरज)

उ. हवाच. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून त्याच क्षणी जाते.

प्र. क्लाउडचं मासिक भाडं नको वाटतं. घराबाहेर प्रत ठेवायची तर कशी? (गावभाग, सांगली)

उ. गावभागात राहून विचारताय म्हणजे पुराचा अनुभव असणार. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती. टीव्हीच्या कपाटातला सर्व्हर आणि त्याच्याच डोक्यावरची बॅकअप डिस्क एकाच पाण्यात जातात. दोन डिस्क घ्या. एक घरी, दुसरी पुरापासून लांब, विट्या-खानापूरकडे कुणी नातलग असतील त्यांच्याकडे. जाणं-येणं होईल तशी अदलाबदल करा. एक फेरी मेअखेरीस, पावसाआधी, चुकवू नका. डिस्क लक्सने (लिनक्समधली डिस्क कुलूपबंद करायची सोय) एनक्रिप्ट करा. पासफ्रेज (त्या कुलपाचा लांब पासवर्ड) कागदावर लिहिलात तर तो कागद डिस्कच्या डब्यात ठेवू नका.

आणि त्या नातलगांना आधीच सांगून ठेवा, ही डिस्क टीव्हीला लावून बघायची नाही. टीव्हीला ती वाचता येत नाही, तो ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारतो, आणि घरात कुणीतरी ‘हो’ दाबतंच.