झोबो, आकारा आणि चिनचिन पुण्यात घरी करताना त्यांना ‘आपला वेगळा टच’ कसा द्यावा?

आपण विचारले आहे की, ऑफिसातल्या नायजेरियन सहकाऱ्याच्या निरोपासाठी तीस जणांना पुरेल एवढे जास्वंदाचे सरबत, म्हणजे झोबो, घरी करायचे आहे, सोबत आकारा (चवळीचे तळलेले वडे) आणि चिनचिन (शंकरपाळ्यांसारखा तळलेला खाऊ) ठेवायचे आहे, तर या सगळ्याला ‘आपला वेगळा टच’ कसा द्यावा आणि झोबो किती दिवस टिकते. मी अकरा वर्षे नायजेरियातल्या लागोस शहराच्या इलुपेजू भागात काढून 2019 साली पुण्याला परतले. ‘वेगळा टच’ या शब्दांवरून आमच्या घरात एक वाद होऊन गेलेला असल्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे.

आधी एक चूक दुरुस्त करते. झोबो जास्वंदाचे होत नाही. इंग्रजीत दोन्हींना एकाच नावाने ओळखतात म्हणून हा घोटाळा होतो, आणि मग लोक गणपतीला वाहायची फुले उकळत बसतात. झोबो होते ते लाल अंबाडीच्या बोंडांचे. फूल गळून गेल्यावर फळाभोवती जी जाड, आंबट, लालभडक आवरणे वाढतात, ती वाळवून वापरायची असतात. मी मूळची वर्ध्याची आहे आणि माझी आजी याच बोंडांची चटणी करीत असे, त्यामुळे ओयिंग्बोच्या बाजारात पोतीच्या पोती भरून ठेवलेली काळपट लाल बोंडे पहिल्यांदा पाहिली, तेव्हा मी चक्क हुंगून खात्री करून घेतली. तिथे ती कोंगो नावाच्या मापाने घालून देतात, जशी आपल्याकडे पूर्वी मापट्याने ज्वारी घालीत. पीक उत्तरेकडचे, कानो, जिगावा, कात्सिना या हौसा मुलखातले, आणि झोबो हे नावही हौसा भाषेतलेच आहे. हेच पेय सेनेगलमध्ये बिसाप, घानात सोबोलो आणि सुदान-इजिप्तमध्ये करकदे होते.

कृतीत फारसे काही नाही. 100 ग्रॅम सुक्या बोंडांना साडेतीन लिटर पाणी धरावे. तीस जणांना 200 ग्रॅम बोंडे पुरतात. बोंडांत रेती असतेच, म्हणून ती एकदाच भरभर धुवावीत. दोनदा-तीनदा चोळून धुतलीत तर रंग आणि आंबटपणा मोरीत जाईल. ठेचलेले आले, आठ-दहा लवंगा आणि अननसाची स्वच्छ धुतलेली साले घालून दहा-पंधरा मिनिटे उकळावे, झाकून निवू द्यावे आणि फडक्यातून गाळावे. साखर शेवटी घालावी. लिंबू पिळू नये. मुळात इतक्या आंबट पेयात लिंबू कशाला, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही. वेगळेपणाच हवा असेल तर साखरेऐवजी उकळतानाच खजूर घालावा. तोही तिथल्याच लोकांचा प्रकार आहे. गाळून उरलेला चोथा टाकू नका. तो वाटून, निम्म्या वजनाची साखर घालून आटवला की उत्तम मुरंबा होतो.

टिकण्याचे म्हणाल तर फ्रीजमध्ये तीन दिवस धरावेत. चौथ्या दिवशी जिभेला चुणचुणते. लागोसमधल्या पहिल्याच डिसेंबरात मी सहा बाटल्या भरून ठेवल्या आणि दोन दिवस वीज गेली. वीज आल्यावर सगळ्या गल्लीने नेहमीप्रमाणे ‘अप नेपा!’ अशी आरोळी ठोकली (नेपा म्हणजे तिथले जुने वीजमंडळ), मी फ्रीज उघडला, तर प्लास्टिकच्या बाटल्या फुगून गोल झालेल्या होत्या आणि पहिलीचे झाकण फिरवताच तिने छतापर्यंत कारंजे उडवले. ते गुलाबी डाग आम्ही घर सोडेपर्यंत तिथेच होते.

आता आकारा. आकारा म्हणजे चवळीचा वडा, असे मी इथे सर्वांना सांगते आणि सांगताना मनातून खजील होते, कारण तो वड्याहून खूप हलका असतो. आमच्या इमारतीच्या फाटकासमोर एक बाई रोज पहाटे मोठी काळी कढई मांडून बसत. योरुबात, म्हणजे लागोसकडच्या भाषेत, आकारा विकणाऱ्या बाईला ‘इया अलाकारा’ म्हणतात, इया म्हणजे आई. मीही त्यांना इयाच म्हणत असे आणि त्या मला, तिथल्या सगळ्या विक्रेत्यांप्रमाणे, ‘कस्टमर’ म्हणत. एकदा मी घरी केलेले आकारे मोठ्या अभिमानाने त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी एक फोडला, आत बोट दाबून पाहिले आणि शेजारच्या पाव विकणाऱ्या मुलीला दाखवून इतक्या हसल्या की कढईतला एक घाणा करपला. मी चवळी सालांसकट वाटली होती, मिक्सर फिरावा म्हणून भरपूर पाणी घातले होते, आणि मग पीठ सैल झाले म्हणून त्यात थोडा मैदा मिसळला होता.

त्यानंतर सलग तीन शनिवार मी त्यांच्याशेजारच्या लाकडी बाकावर बसून पाहिले. चवळी दहा-पंधरा मिनिटेच भिजवून दोन्ही हातांनी चोळायची, पाणी ओतायचे, वर तरंगणारी साले ओंजळीने काढून टाकायची, आणि डाळ पांढरीशुभ्र दिसेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करायचे. मग ती सोललेली डाळ आणखी तासभर भिजवून, शक्य तितक्या कमी पाण्यात, कांद्याचा तुकडा आणि मिरची घालून गंधासारखी वाटायची. सगळी करामत यापुढे आहे. त्या बाई ते पीठ लाकडी उखळात घालून मुसळाने गोल गोल घोटीत, एकाच दिशेने, तोंडाने शेजारणीशी भांडण चालू ठेवून, आणि पाहता पाहता पीठ फुगून उखळाच्या काठाशी येई व त्याचा रंग पांढरा होई. मीठ आणि चिरलेला कांदा अगदी तळणीच्या वेळी, कारण आधी घातले तर पीठ बसते, असे त्या बजावून सांगत. दहीवड्याचे पीठ पाण्यात तरंगते की नाही हे आपण पाहतो, तीच परीक्षा इथेही लागू पडते. आकारा फुलतो तो घोटून आत कोंडलेल्या हवेमुळे. त्यात सोडा नसतो, बेसन नसते, तांदळाचे पीठही नसते. फोडला की आत पांढरी, बारीक जाळी दिसली पाहिजे.

हे इतक्या तपशिलाने लिहिण्याचे कारण म्हणजे आमच्या थोरल्या जाऊबाई. सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीला चाळीस माणसे येणार होती आणि झोबो व आकारा मी करावा असे ठरले होते. सकाळी उठून मी दीड किलो चवळी सोलली, वाटली, घोटली, हात भरून आले, आणि झोबोचे पातेले निवत ठेवून मी आत्याबाईंना आणायला स्टेशनवर गेले. तासाभराने परत येते तो जाऊबाईंनी दोन्हींना ‘जरा आपला टच’ दिलेला होता. पीठ पातळ वाटले म्हणून त्यात चार वाट्या बेसन, ओवा, हिंग आणि सोडा घातला होता. झोबो फार आंबट लागले म्हणून त्यातही दोन चमचे खायचा सोडा घातला होता, आणि फेस ओसरल्यावर जे काही पातेल्यात उरले होते ते पाटी धुतल्याच्या पाण्यासारखे निळसर करडे होते. या बोंडांचा लाल रंग आंबटपणावरच टिकून असतो. आंबटपणा मोडला की रंगही जातो. भांडे साबणाने घासताना लाल थेंब निळे होतात, ते याच कारणाने.

झोबो मोरीत ओतावे लागले. आकारे मात्र तळले गेले, पाहुण्यांनी आवडीने खाल्ले, सासूबाई म्हणाल्या, ‘काय वाईट आहे? चांगले कुरकुरीत झालेत,’ आणि जाऊबाईंनी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘नायजेरियन वडे’ म्हणून फोटो टाकला. कुरकुरीत होणारच, ती भजी होती. मी तसे म्हटले तर उत्तर मिळाले, ‘अगं, पदार्थ कोणाच्या मालकीचा असतो का? जिथे जाईल तिथे बदलतो.’ त्या वेळी मला काही सुचले नाही. आता लिहिते.

पदार्थ बदलतो हे खरे आहे. आकारा तर गुलाम करून नेलेल्या माणसांबरोबर समुद्र ओलांडून ब्राझीलला गेला, तिथे तो आकाराजे झाला, बाहियातल्या साल्वादोर शहरात पांढरे घोळदार झगे घातलेल्या बायका तो पामच्या लाल तेलात तळतात, मधोमध चिरून त्यात कोलंबी आणि सारण भरतात, आणि त्यांच्या या कसबाला 2005 साली ब्राझीलच्या वारसा संस्थेने राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदवून घेतले. पण काय बदलले ते नीट पाहावे. आकार वाढला, पोटात भरायचे सारण आले. चवळी सोलून, वाटून, घोटून हलकी करण्याचे काम पलीकडच्या किनाऱ्यावरही तसेच राहिले. जाऊबाईंनी नेमके तेच काम रद्द करून बाकीचे ठेवले, म्हणून मी त्याला बदल म्हणत नाही.

तेव्हा तुम्हाला टच द्यायचाच असेल तर तो आकाऱ्याच्या बाहेर द्या. लागोसमध्ये लोक तो मऊ, गोडसर आगेगे पावात घालून खातात. तुम्ही तो लादीपावात घालून वर लसणाची कोरडी चटणी भुरभुरवा, वडापाव खाणाऱ्या गावात तो हातोहात संपेल. तिथली रोडो मिरची इथे सहजी मिळत नाही. तिला फळासारखा वास असतो आणि तो नुसत्या लवंगी मिरचीने येत नाही, म्हणून मी लाल ढोबळी मिरची भाजून तिखट मिरचीबरोबर वाटते. 1 किलो चवळीत तीस जणांना दोन-दोन नग होतात. (जाता जाता सांगते, योरुबा लोकांत सत्तरी ओलांडलेले माणूस गेले की आकारा तळून शेजारीपाजारी वाटण्याची जुनी रीत आहे. आपल्याकडे सुतकात तळण वर्ज्य, तिथे नेमके उलटे. सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीला ही माहिती मी कोणालाही दिली नाही.)

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. झोबो अॅल्युमिनियमच्या पातेल्यात उकळू नका, स्टीलचेच घ्या. अंबाडीच्या बोंडांनी रक्तदाब थोडा उतरतो, तेव्हा ज्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत त्यांना आधी सांगून मग पेला द्या. गरोदर बाईला देऊच नका. आणि जाऊबाईंबद्दल एक न्यायाचे बोलायचे तर ते पीठ त्या दिवशी खरोखरच थोडे पातळ झाले होते. दीड किलो एकटीने घोटणे माझ्या हातांना झेपले नव्हते. म्हणून तुम्ही अर्ध्या-अर्ध्या किलोचे घाणे करा आणि घोटायला दोघे जण ठेवा. उखळ नसेल तर केकसाठी वापरतात ते विजेचे फेटणे चालते.

चिनचिनचे राहिलेच. मैदा, साखर, लोणी, दूध, अंडे आणि भरपूर जायफळ एकत्र घट्ट मळून, बोटाच्या पेरापेक्षाही लहान चौकोनी तुकडे करून खरपूस तळायचे. इथे मात्र मी स्वतः एक भर घातली आहे, आणि माझ्या लागोसच्या मैत्रिणींनी ती मान्य केलेली आहे. झोबोची कोरडी बोंडे मिक्सरमध्ये पिठीसाखरेबरोबर दळून ती आंबटगोड गुलाबी पूड पूर्ण गार झालेल्या चिनचिनवर घोळवायची. गरम असताना घोळवलीत तर साखर सुटून सगळा गोळा होईल. अंडे चालत नसेल तर वगळा, चव चांगलीच लागते; पण मग त्याला शंकरपाळे म्हणा, आणि नायजेरियन पाहुण्यालाही तसेच सांगा.