लॉकटाइट लावलेला स्क्रू निघत नाहीये? आधी जोर थांबवा

दादा, लॉकटाइट म्हणजे स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद. स्क्रूचं डोकं अजून शाबूत आहे ना? मग अर्धं काम झालंय. नवशिके इथेच घाई करतात.

डब्ल्यूडी-४० स्प्रे मारत बसू नका. तो गंजावर चालतो. आट्यांत कडक झालेलं लॉकटाइट त्याने विरघळत नाही. इथे खरा उपाय उष्णता. मध्यम ताकदीचं निळं लॉकटाइट 243 बहुतेकदा साध्या हत्याराने सुटतं, पण जास्त ताकदीच्या लाल 271 ला साधारण 250 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावं लागतं, आणि गरम असतानाच फिरवावं लागतं. गार झालं की पुन्हा घट्ट.

छोट्या स्क्रूला गॅसचा टॉर्च नको. पुण्यातल्या तापकीर गल्लीतून 60 वॅटचा सोल्डरिंग आयर्न आणा, टोक स्क्रूच्या खाचेत दाबून दोन-तीन मिनिटं धरा. मग लगेच स्क्रूड्रायव्हर, आणि हळू, एकसारखा जोर. चिकट, रबरासारखा फिरायला लागला की समजा सुटला. पुन्हा अडला तर पुन्हा तापवा.

- बिट खाचेत अजिबात हलता कामा नये. जपानी गाड्यांच्या स्क्रूंना बरेचदा जेआयएस (जपानी मापाचा) बिट लागतो. साधा फिलिप्स निसटतो आणि खाच खातो. मी असेच दोन स्क्रू घालवलेत, मग ड्रिल मारत बसलो.
- पेट्रोलची नळी, रबरी सील, प्लॅस्टिक, सेन्सर जवळ असेल तर आधी ते बाजूला काढा. दार-खिडकी उघडी ठेवा, धूर वाईट असतो.

परत बसवताना आटे ब्रशने साफ करा आणि छोट्या स्क्रूला कमी ताकदीचं जांभळं 222 लावा, तेही एकच थेंब.

एक्स्ट्रॅक्टरचं, म्हणजे खराब झालेला स्क्रू काढायच्या हत्याराचं, नंतर बघू. आधी एवढं करून सांगा.