पहिल्यांदा रक्तदान करतोयस? मग हे वाच

अरे रविवारी ठाण्याला नौपाड्यातल्या कॅम्पला येतोयस ना, मग आधी पोटभर नाश्ता कर, उपाशीपोटी येऊन हीरोगिरी नको, मी एकदा केली आणि चक्कर येऊन तिथेच आडवा, सगळे कामं सोडून मला सरबत पाजत बसले. वजन ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ तरी लागतं, बहुतेक ३५० मिली घेतात, परत द्यायचं ते ३ महिन्यांनी.

सर्टिफिकेट मिळतं का, सेल्फी चालतो का विचारलंस ना... जमलं तर नानाचा २०१४ चा 'डॉ. प्रकाश बाबा आमटे' बघ, मी चारदा बघितलाय. प्रकाशभाऊ आणि मंदाताई १९७३ ला हेमलकशाला गेले, घनदाट जंगल, धड रस्ता नाही की लाइट नाही, आणि लोकांच्या अंगावर कपडे नाहीत म्हणून डॉक्टर असून हा माणूस बनियन-हाफपँटवर राहायला लागला तो कायमचाच. आणि आपण एक पिशवी देऊन लगेच स्टेटस टाकतो रे! टाक म्हणा, पहिल्या वेळी मीही टाकलेलं. पण ती पिशवी कुणाला चढणार ते आपल्याला कधीच कळत नाही, मला तर तेच सगळ्यात आवडतं.

आणि हो, घट्ट बाह्यांचा शर्ट घालू नकोस.