कार्ड डीपीडीकेला दिलं आणि पोर्टच गायब

प्रश्न : हिंजवडीत एका छोट्या कंपनीत आहे. ट्रॅफिक तपासायच्या कामासाठी इंटेलचं 2 पोर्टवालं 10 गिगाबिटचं नेटवर्क कार्ड डीपीडीकेला (कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, वळसा घालून पॅकेट थेट प्रोग्रॅमला देणारं सॉफ्टवेअर) जोडायचं होतं. रविवारी सिंहगड रोडवरून, घरूनच लॉगिन करून एक पोर्ट व्हीएफआयओला (डिव्हाइस थेट प्रोग्रॅमच्या हाती देणारा लिनक्सचा ड्रायव्हर) बाइंड केला, म्हणजे जोडला, आणि लॉगिनच तुटलं, मग गाडी काढून ऑफिस गाठलं तर पोर्ट लिस्टमध्येच नाही! प्रोग्रॅम चालवला की 'ग्रुप इज नॉट व्हायेबल' असं येतंय. कार्ड गेलं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : कार्डाला काही झालेलं नाही, उगाच नवीन मागवू नका. पोर्ट दिसत नाही कारण तो कर्नलच्या हातातून काढून तुम्हीच डीपीडीकेला दिलात, मग त्यावरचा आयपी आणि एसएसएच, म्हणजे दुरून केलेलं लॉगिन, पण गेलं. खरं तर चालू पोर्टला हात लावायला डेव्हबाइंड (डीपीडीकेची पोर्ट जोडणारी) स्क्रिप्ट नकार देते, म्हणजे तुम्ही जबरदस्तीचं फोर्स लावलं असणार, हो ना? असो, एसएसएच मदरबोर्डच्या पोर्टवर घ्या आणि मगच पुढचं.

आता एरर. आयओएमएमयू (डिव्हाइसला मेमरीत भलतीकडे लिहू न देणारं हार्डवेअर) डिव्हाइसचे ग्रुप पाडतो, तुमचे दोन्ही पोर्ट एकाच ग्रुपात पडलेत आणि दुसरा अजून कर्नलच्या ड्रायव्हरकडे आहे, व्हीएफआयओला तर अख्खा ग्रुप कर्नलच्या ड्रायव्हरपासून मोकळा लागतो, त्यामुळे तो अडून बसतो. दुसराही पोर्ट व्हीएफआयओला द्या किंवा नुसता अनबाइंड करा. ग्रुपात भलतंच काही निघालं, समजा डिस्कचा कंट्रोलर, तर कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा. कोणीतरी सांगेल की नो-आयओएमएमयू मोड (आयओएमएमयूशिवाय व्हीएफआयओ) टाक, होतं काम. होतं, पण मग कार्ड मेमरीत कुठेही लिहू शकतं आणि अडवणारं कोणी नसतं, ऑफिसच्या सर्व्हरवर मी तरी हे करणार नाही. आणि मेलानॉक्स या दुसऱ्या कंपनीच्या कार्डांचे व्हिडिओ बघून सेटअप करू नका, त्यांचं कार्ड कर्नलच्या ड्रायव्हरवर राहूनच डीपीडीके चालवतं.

सगळं जमलं की प्रोसेसरचा एक कोअर 100 टक्क्यांवर दिसेल, घाबरू नका. 10 गिगाबिटवर 64 बाइटची पॅकेट असतील तर सेकंदाला जवळपास 1 कोटी 48 लाख येतात, एकेकाला जेमतेम 67 नॅनोसेकंद, तेवढ्यात इंटरप्टची (पॅकेट आलं की कार्डाने प्रोसेसरला द्यायची हाक) घंटी वाजवत बसायला वेळ कुठून आणणार? म्हणून डीपीडीकेचा ड्रायव्हर स्वारगेटला एसटीची वाट बघणाऱ्या माणसासारखा सतत मान वळवून बघतच राहतो, गाडी येवो न येवो.

ह्यूजपेज (डीपीडीकेसाठी राखून ठेवायचे मेमरीचे मोठे तुकडे) 2 एमबीची 1024 ठेवली की 2 जीबी होतात, सुरुवातीला पुरतील. सर्व्हर दोन सॉकेटचा, म्हणजे दोन प्रोसेसरचा, असेल तर कार्ड ज्या न्यूमा नोडवर (एक प्रोसेसर आणि त्याच्या जवळची मेमरी) आहे तिथलाच कोअर आणि तिथलीच मेमरी द्या, नाहीतर स्पीड का येत नाही म्हणून आठवडाभर डोकं खाजवाल.

अजून एक, रीबूट केलं की डेव्हबाइंडचं बाइंडिंग उडतं. ते टिकवायला ड्रायव्हरसीटीएल हे टूल वापरा, पण पोर्टचा पीसीआय नंबर (मशीनमधला त्याचा पत्ता) दोनदा वाचून, नाहीतर परत रविवारी हिंजवडी.