हलका लॅपटॉप आणि चोवीस हप्ते

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या एका वाचकाचं लांबलचक पत्र आलं आहे. वय 27. बसस्टँडजवळच्या गाळ्यात सेवा केंद्र चालवतात: सातबारा, दाखले, पीक विमा, आधारवर पैसे काढून देणं, झेरॉक्स. लग्नसराईत आसपासच्या गावांतल्या लग्नांचे व्हिडिओ एडिट करून देतात. गाळ्याचा खर्च जाता कमाई सरासरी 22 हजार. जून-जुलैत ती 40 हजारांपर्यंत जाते, फेब्रुवारी-मार्चमध्ये 12 हजारांवर येते. घरात दरमहा 13 हजार देतात. वडिलांचं साडेचार एकर कोरडवाहू वावर आहे, त्यावर सव्वा लाखाचं पीककर्ज. पतसंस्थेत 65 हजारांची ठेव.

2021 साली 62 हजारांना घेतलेल्या लॅपटॉपचा स्पेसबार आणि आणखी तीन बटणं गेली आहेत. सर्व्हिस सेंटरनं सांगितलं, नुसता कीबोर्ड येत नाही, वरची अख्खी प्लेट बॅटरीसकट बदलावी लागेल, 14,500 रुपये. रॅम 8 जीबी, तीही बोर्डावर डाग देऊन बसवलेली, वाढत नाही. "त्या कंपनीचं आता तोंड पाहायचं नाही," असं त्यांनी लिहिलंय, आणि त्या रागात, जाहिरात पाहून 'पटलं' म्हणत, अॅपलचा 1,19,900 रुपयांचा मॅकबुक एअर पसंत केलाय. पुण्याच्या जावईबुवांच्या, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याच्या, क्रेडिट कार्डावर, 24 महिने, नो कॉस्ट ईएमआय. वडील म्हणतात हप्ते कशाला, कापसाच्या चुकाऱ्यातून घे, नाहीतर यंदाच्या पीककर्जातून काढू. मित्र 18 हजारांत कंपनीतून निघालेला जुना लॅपटॉप देतोय. काय करू?

भाऊ, उत्तर आधी सांगतो. मॅक आत्ता नको, मित्राचा लॅपटॉपही नको. मे महिन्यात गाळ्यासाठी डेस्कटॉप घ्या. तोवर आहे त्याच लॅपटॉपला पाच-सहाशे रुपयांचा यूएसबी कीबोर्ड लावा आणि काम चालू ठेवा.

तुमचा राग रास्त आहे. पण एका कंपनीवर चिडून दुसरीच्या दारात जाताना तिथे काय वाढून ठेवलंय ते पाहावं. अॅपलनं एप्रिल 2015 मध्ये 12 इंची मॅकबुकला 'बटरफ्लाय' नावाचा अतिपातळ कीबोर्ड बसवला आणि पुढे तो प्रो आणि एअरमध्येही आणला. कणभर धूळ गेली तरी बटण अडकायचं, नाहीतर एकाच दाबात अक्षर दोनदा उमटायचं. लोकांनी इतकी ओरड केली की 2018 मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना काढावी लागली आणि 2019 अखेर जुन्या पद्धतीचा कीबोर्ड परत आणावा लागला. अमेरिकेतल्या खटल्यात 2022 साली चूक कबूल न करता 5 कोटी डॉलरवर तडजोड झाली. ते पैसे अमेरिकेतल्या काही राज्यांच्या ग्राहकांसाठी होते, आपल्याकडच्यांना त्यातली दमडीही नाही. पोर्टचंही तसंच. 2016 च्या मॅकबुक प्रोमधून एचडीएमआय, मेमरी कार्डची खाच आणि साधा यूएसबी काढून टाकला. 2021 मध्ये एचडीएमआय आणि कार्डची खाच परत आली. मधली पाच वर्षं लोकांनी स्वतःच्या खिशातून अडॅप्टर घेतले.

दुसऱ्या बाजूचे धुतल्या तांदळासारखे आहेत असं समजू नका. मायक्रोसॉफ्टचा 2017 चा सरफेस लॅपटॉप यंत्रं उघडून दुरुस्ती शिकवणाऱ्या आयफिक्सिटवाल्यांनी उघडून पाहिला आणि दुरुस्तीसाठी त्याला दहापैकी शून्य गुण दिले, कारण मोडतोड केल्याशिवाय तो उघडतच नव्हता. तुमच्या लॅपटॉपची प्लेटही याच रोगाची. मशीन दोन-चार मिलिमीटर पातळ करायचं म्हणून कीबोर्ड स्क्रूऐवजी रिव्हेट मारून वरच्या पत्र्याला पक्का करतात, बॅटरी त्याच पत्र्याला चिकटवतात. मग एक बटण गेलं की सगळं सोबत जातं. तो पातळपणा घेताना फुकट वाटतो, त्याचं बिल चौथ्या-पाचव्या वर्षी येतं. तुमचं आत्ता आलंय.

जाहिरातींचं सांगायचं तर मॅक आणि पीसी, म्हणजे विंडोजवाला कॉम्प्युटर, यांचं हे भांडण जुनं आहे. 2006 पासून अॅपलनं 'गेट अ मॅक' नावाची मालिका चालवली. जस्टिन लाँग हा तरुण नट म्हणजे मॅक, आणि कोटातला अवघडलेला जॉन हॉजमन म्हणजे पीसी. साठाहून जास्त जाहिराती निघाल्या. मायक्रोसॉफ्टनं 2008 मध्ये 'आय अॅम अ पीसी' असं उत्तर दिलं. पुढे 2020 अखेर अॅपलनं इंटेलच्या चिप सोडून स्वतःच्या चिप घालायला सुरुवात केली, तर 2021 मध्ये इंटेलनं त्याच जस्टिन लाँगला पैसे देऊन पीसीची तारीफ करायला उभं केलं. माणूस तोच, चेहरा तोच, पाकीट वेगळं. तुम्ही म्हणता तुम्हाला जाहिरात पाहून 'पटलं'. त्या नटालाही दोन्ही वेळा पटलंच होतं म्हणायचं.

या सगळ्यात मला मायक्रोसॉफ्टची 2009 ची एक मालिका तेवढी कामाची वाटते. त्यात गिऱ्हाइकाला ठरावीक रक्कम देत आणि त्यात बसणारा लॅपटॉप शोधायला पाठवत. एका तरुणीला 1,000 डॉलरच्या आत 17 इंची हवा होता. अॅपलच्या दुकानात तेवढ्यात लहान पडद्याचाच मिळत होता, तर तिनं 700 डॉलरच्या आत एचपीचा घेतला. तीही जाहिरातच, मॅक महाग हे ठसवण्यासाठी केलेली. पण निदान आधी काम आणि रक्कम ठरली, ब्रँड नंतर आला. तुमच्या पत्रात हा क्रम उलटा झालाय.

तुमचं काम पाहू. टेबलावर थंब मशीन आहे, डिजिटल सहीचं टोकन आहे, दोन प्रिंटर आहेत, त्यातला एक बराच जुना. अशा यंत्रांची सॉफ्टवेअर आपल्याकडे मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच निघतात. हिशेबाचं टॅली विंडोजवर चालतं. मॅकबुक एअरला साधा यूएसबी नाही, म्हणजे पहिल्याच दिवशी हब घ्या. आणि एवढं करूनही थंब मशीन मॅकवर चाललंच नाही, तर आधारवर पैसे काढायला आलेली म्हातारी रांगेत उभी राहील आणि तुम्ही मदतीसाठी फोन फिरवत बसाल. म्हणजे गाळ्यासाठी विंडोजचं दुसरं मशीन ठेवावंच लागणार. मग 1,19,900 रुपये व्हिडिओसाठीच झाले ना? गेल्या हंगामात तुम्ही 9 लग्नं केली, एकाचे 4,000. म्हणजे 36 हजार. यंत्राची किंमत निघायला तीन हंगामांहून जास्त लागतील, तेही त्यातला एक रुपयाही घरात न देता. मॅक व्हिडिओसाठी उत्तम आहे, यात वाद नाही. पण नऊ लग्नांसाठी नाही.

एक बारीक गोष्ट. अॅपल स्वतःच मॅकबुक वापरायचं तापमान 10 ते 35 अंश सांगतं. मे महिन्यात तुमच्या पत्र्याच्या गाळ्यात दुपारी किती असतं ते मी यवतमाळकडच्या माणसाला काय सांगू. एअरला पंखाच नाही, तापला की तो स्वतःला हळू करून घेतो. लग्नसराईही नेमकी तेव्हाच.

आता कमाई. तुमच्या पत्रातला खरा प्रश्न मला इथे दिसतो. सरासरी 22 हजार, घरात 13 हजार, उरले 9, त्यातून 5 हजारांचा हप्ता सहज, असा हिशेब तुम्ही मांडलाय. पण हप्ता सरासरीवर जात नाही, दर महिन्याच्या तारखेला जातो. फेब्रुवारीत कमाई 12, घर 13, हप्ता 5. सहा हजार कमी पडले. मार्चमध्ये पुन्हा सहा. शिवाय ही सरासरी बनली कशातून? 2024 मध्ये लाडकी बहीणच्या अर्जांची झुंबड होती. 2023 पासून एक रुपयात पीक विमा होता, गावातला बहुतेक शेतकरी अर्ज भरायला यायचा, एका अर्जामागे सेवा केंद्राला 40 रुपये मिळायचे. 2025 च्या खरिपापासून ती एक रुपयाची सोय बंद झाली, शेतकऱ्याला पुन्हा हिस्सा भरावा लागतो. तुम्हीच लिहिलंय की यंदा अर्ज कमी आले. उद्या कापूस विक्रीच्या कपास किसान अॅपची नोंदणी, शेतकरी ओळख क्रमांक, ई-केवायसी असं काही ना काही काम येईलही. पण एका शासन निर्णयानं येणारं काम दुसऱ्या निर्णयानं जातं. अशा कमाईवर 24 महिन्यांचा शब्द देऊ नये.

नो कॉस्टचंही पाहून घ्या. यात बँक व्याज घेतेच, विक्रेता तेवढी सूट किमतीत आधी देतो, म्हणून बेरीज सारखी दिसते. व्याज 16 टक्के धरलं तर 24 महिन्यांच्या तुमच्या हप्त्यांत साधारण 17,900 रुपये व्याज असेल. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी मात्र तुम्हीच भरता, सुमारे 3,200. वर प्रोसेसिंग फी. आणि रोखीनं घेतलं तर दुकानदार 5 हजार कमी करत होता, ते गेले. झाला आठ हजारांवर खर्च. एखादा हप्ता चुकला तर कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के लागू शकतात, आणि सिबिल बिघडेल ते जावईबुवांचं. बहिणीच्या संसारात हे काटे पेरू नका. याहून जास्त मी बोलत नाही, तुम्ही समजदार आहात.

दुकानदारानं सांगितलं म्हणे की टॅक्समध्ये घसारा मिळतो, जीएसटी परत मिळतो. कॉम्प्युटरवर 40 टक्के घसारा आहे हे खरं. पण तुमच्या कमाईवर नव्या पद्धतीत कर शून्यच येतो, तिथे वाचणार काय? आणि जीएसटीत तुमची नोंदणीच नाही.

बाबांना सांगा, पीककर्जाला हात नको. मुदतीत फेडलं तर राज्यात तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे बिनव्याजी पडतं. एवढं स्वस्त कर्ज दुसरं नाही, पण ते बियाणं, खत, फवारणीसाठी. ते लॅपटॉपमध्ये गेलं की जूनमध्ये कृषी केंद्राची उधारी सुरू होते, आणि मुदत चुकली तर सवलत जाते. कापसाच्या चुकाऱ्यातून आधी तेच सव्वा लाख भरा. लांब धाग्याच्या कापसाला 2025-26 च्या हंगामात क्विंटलला 8,110 रुपये हमीभाव असला तरी ओल जास्त निघाली की त्यातून कपात होते, तेव्हा चुकारा हातात पडेपर्यंत त्याचे बेत नकोत.

मित्राचा 18 हजारांचा लॅपटॉप मोहात पाडणारा आहे. त्यातला प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे ते विचारा. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर त्यावर विंडोज 11 अधिकृतपणे बसत नाही, आणि विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. लोकांचे आधार क्रमांक आणि बँकेचे व्यवहार ज्या मशीनवर होतात तिथे असली काटकसर नको.

मग डेस्कटॉपच का? तुमचं नव्वद टक्के काम एकाच टेबलावर होतं, यंत्र हलतच नाही. तिथे कीबोर्ड गेला तर पाचशेचा नवा येतो, रॅम वाढवता येते, पॉवर सप्लाय यवतमाळातच बदलून मिळतो. लाईन गेली की बंद पडेल ही भीती खरी, पण गाळ्यात इन्व्हर्टर आहे, त्याला एक छोटा यूपीएस जोडा. 16 जीबी रॅम, एसएसडी, मॉनिटरसकट 45 ते 50 हजार धरून चाला. जुना लॅपटॉप घरी व्हिडिओ जोडायला राहील. नागपूरला जाणं झालंच तर सीताबर्डीत एखाद्या कारागिराला विचारा, जुनी प्लेट ठेवून नुसता कीबोर्ड बसवतो का. तीन-चार हजारांत होत असेल तर करा, 14,500 देऊ नका.

पैसे असे जमवा. आत्तापासून मेअखेर 25 हजार वेगळ्या बचत खात्यात टाका. दर महिन्याला सारखी रक्कम नको, जानेवारीत आठ, फेब्रुवारीत काहीच नाही, लग्नाचे पैसे आले की सात-आठ. 25 हजार जमले तर उरलेले ठेवीतून काढा, तरी 40 हजार शिल्लक राहतात, म्हणजे घराचा तीन महिन्यांचा खर्च. नाहीच जमले, तर दर महिन्याचा हप्ता कसा निभावला असता ते तुमचं तुम्हालाच दिसेल, आणि नुकसान काहीच झालेलं नसेल. ठेव मात्र मुदत संपली की पतसंस्थेतून बँकेत किंवा पोस्टात हलवा. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही.

मॅकचं दार मी कायमचं लावत नाही. व्हिडिओची कमाई वेगळ्या वहीत लिहायला लागा. लागोपाठ दोन हंगाम ती 70 हजारांच्या वर गेली, तर त्या पैशातून रोखीनं घ्या, मी अडवणार नाही. डेस्कटॉपची दोन कोटेशनं मात्र एप्रिलमध्येच घ्या. जूनमध्ये दाखल्यांची गर्दी सुरू झाली की घासाघीस करायला वेळ मिळत नाही, आणि दुकानदाराला ते माहीत असतं.