अस्वलाच्या तोंडापेक्षा त्याच्या कानाचं काम मोठं आहे

तुमचा प्रश्न असा आहे: बेळगावच्या शहापुरातल्या घरी तोंड हलवत ठरलेली चार गाणी म्हणणारं जुनं अस्वल आहे, त्याला चॅटबॉट जोडून सहा वर्षांच्या मुलीशी मराठीत बोलतं करता येईल का, आणि इलेक्ट्रॉनिक्स फारसं येत नसताना ते जमेल का.

जमेल. मी बेळगावच्याच उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मेंटेनन्सचं काम करतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या चोच हलवणाऱ्या खेळण्यातल्या पोपटाला मी हेच केलं. वायरिंगला दोन संध्याकाळी लागल्या. आमच्या घरातलं बोलणं त्याला कळायला दीड महिना लागला. म्हणून वायरिंगचं थोडक्यात सांगतो आणि बोलण्याचं सविस्तर.

अस्वलाचं मूळ सर्किट बाजूला ठेवा. त्यावर काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली जी चिप असते तिच्यात काही बदलता येत नाही. आपल्याला फक्त मोटर आणि स्पीकर हवेत. सगळा मेंदू लॅपटॉपमध्ये राहू द्या. अस्वलात एक अर्डुइनो नॅनो (प्रोग्राम करता येणारं छोटं सर्किट बोर्ड), एक मोटर ड्रायव्हर (बोर्डाच्या इशाऱ्यावर मोटरला सेलचा करंट देणारं सर्किट) आणि लॅपटॉपपर्यंत यूएसबीची वायर, एवढं सुरुवातीला पुरे. मोटर थेट अर्डुइनोच्या किंवा रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरच्या पिनेला लावू नका. पायची पिन 3.3 व्होल्टची असते आणि ती जेमतेम 16 मिलिअँपिअर देते. खेळण्यातली मोटर सुरू होताना त्याच्या कितीतरी पट करंट ओढते, पिन जळते. दुकानदार हमखास एल-298 ड्रायव्हर हातात देतो, पण तो स्वतःच दोनेक व्होल्ट खातो. तीन सेलच्या साडेचार व्होल्टवर चालणाऱ्या मोटरला मग जोरच उरत नाही. डीआरव्ही-8833 घ्या. मोटरला वेगळे सेल द्या आणि दोन्हीकडचं ग्राउंड (वजा टोक) एकत्र जोडा. ते विसरलं तर मोटर नुसती थरथरते, आणि तुम्ही प्रोग्राममध्ये चूक शोधत बसता.

1985 साली अमेरिकेत टेडी रक्सपिन नावाचं अस्वल आलं. त्याच्या कॅसेटच्या एका ट्रॅकवर गोष्ट असायची आणि दुसऱ्यावर तोंड-डोळे हलवण्याचे सिग्नल. आपला चॅटबॉट काय बोलणार हे आधी ठाऊक नसतं, त्यामुळे तो दुसरा ट्रॅक जागच्या जागी तयार करावा लागतो. आवाजाचे 50 मिलिसेकंदांचे तुकडे करायचे आणि प्रत्येकाचा जोर मोजायचा. ठरावीक पातळीच्या वर गेला की तोंड उघड, खाली आला की मिट. एवढ्यावर चोच खरी वाटायला लागते. फक्त मोटर हलायला वेळ घेते, म्हणून आवाज थोडा उशिरा सोडायचा. माझ्या पोपटाला 120 मिलिसेकंद लागले. ब्लूटूथ स्पीकर वापरू नका. त्याचा उशीर सारखा राहत नाही, आणि चोच आधी, शब्द नंतर असं दिसलं की मूल लगेच तोंड फिरवतं.

आता कानाचं. आवाजाचं लिखाणात रूपांतर करणारी मॉडेल्स मराठी ओळखतात, पण ती बहुतेक पुस्तकी मराठी. माझी मुलगी पोपटाला म्हणाली, "काय करालास?", म्हणजे काय करतोयस. स्क्रीनवर उमटलं, "काय कराल?" पोपटाने उद्या तो काय काय करणार आहे याची यादी सांगितली. शेजारच्या मैत्रिणीकडून उचललेलं कानडी "बा इल्ली" (इकडे ये) ती दिवसातून पन्नासदा म्हणते. त्याचं झालं "बाई ली". भाषा आपोआप ओळखायला ठेवली तर आणखी घोटाळा. दोन्ही भाषा कानाला जवळच्या असल्याने व्हिस्पर, म्हणजे मी वापरलेलं आवाजाचं लिखाण करणारं मॉडेल, आमच्या मराठीला अधूनमधून हिंदी समजायचं. म्हणून भाषा मराठीच पक्की करा. व्हिस्परला सुरुवातीचा मजकूर देण्याची सोय आहे. तिथे घरातले शब्द लिहून ठेवा: मुलीचं लाडाचं नाव, आज्जी, करालास, जेवलीस काय, बा इल्ली, ऊटा आतेन (कानडीत, जेवण झालं का). मी आठवडाभर वहीत असे शब्द टिपत होतो, साठेक झाले. त्यानंतरच पोपट आमच्या घरातला वाटायला लागला.

चॅटबॉटला द्यायच्या सूचनाही मराठीतच लिहा. समोरचं बोलणं बेळगावकडचं आहे, अधूनमधून कानडी शब्द येतील, शब्द चुकीचे उमटलेले असू शकतात, अर्थ लावून घे, आणि नाहीच कळलं तर "परत सांग की" म्हण. उत्तर दोन वाक्यांपेक्षा मोठं नको. मुलीला "तू" म्हण. हे सांगितलं नाही तर तो सहा वर्षांच्या पोरीला "आपण कसे आहात" विचारतो, आणि ती गप्प होते. तुमचं तर अस्वल आहे, ते बोलताना "मी सांगतो" म्हणणार की "मी सांगते", तेही ठरवून उत्तर वाचून दाखवणारा कॉम्प्युटरचा आवाज त्याच्याशी जुळणारा निवडा. आकडे अक्षरांत लिहायला सांगा आणि ताऱ्यांची चिन्हं (*), इमोजी बंद करा, नाहीतर वाचणारा आवाज चिन्हंही वाचत सुटतो.

विचारल्यापासून उत्तर यायला सुरुवातीला पाच-सहा सेकंद जायचे. पूर्ण उत्तराची वाट न बघता पहिलं वाक्य तयार झालं की लगेच आवाजाकडे पाठवलं, तेव्हा ते दोनवर आलं. त्या दोन सेकंदांत पोपट मान हलवतो. एवढ्याने मूल थांबतं.

एका गोष्टीत मी तडजोड करणार नाही आणि तुम्हीही करू नका. माइक सतत चालू ठेवायचा नाही. पोपटाच्या पायाखाली मी बटण बसवलंय. दाबून धरलं तरच ऐकतो, सोडलं की बंद. त्यामुळे तो स्वतःचंच बोलणं ऐकून स्वतःलाच उत्तरं देत बसत नाही, आणि शांततेतून व्हिस्पर जी भलतीच वाक्यं काढतं तीही थांबतात. पण मुख्य कारण वेगळं आहे. 2017 मध्ये जर्मनीने माय फ्रेंड कायला नावाच्या बोलक्या बाहुलीवर बंदी घातली. आसपासचा कुणीही परका माणूस ब्लूटूथवरून तिच्याशी जोडला जाऊ शकत होता, आणि तिकडच्या कायद्याने ते लपवलेलं हेरगिरीचं यंत्र ठरलं. आपण हाताने बनवतोय म्हणून आपलं आपोआप सुरक्षित होत नाही. लेकराचा आवाज घरातल्या लॅपटॉपवरच लिखाणात बदला, बाहेर फक्त मजकूर जाऊ द्या, आणि रेकॉर्डिंग लगेच पुसा. चॅटबॉटच्या खात्याला महिन्याची खर्चमर्यादा लावा. मूल बोलत असताना मोठं माणूस त्याच खोलीत असू द्या. आमच्याकडे बहुतेक वेळा आई बसते. आता तीच पोपटाला "ऊटा आतेन?" विचारते, आणि तो "झालं की, तुझं?" म्हणतो.

तुम्ही आधी एवढंच करा: अस्वलाची पाठ उसवा आणि तोंडाच्या मोटरला किती वायर आहेत ते बघा. दोन असतील तर साधी मोटर, वर लिहिलेलं जसंच्या तसं चालेल. तीन असतील तर बहुधा सर्व्हो (स्वतःचं सर्किट आत असलेली मोटर), मग ड्रायव्हर लागणारच नाही. पाच असतील तर बहुधा दोन मोटरच्या आणि तीन तोंड किती उघडलंय ते सांगणाऱ्या, त्याची जोडणी वेगळी. जबड्याला स्प्रिंग आहे का तेही बोटाने दाबून बघा आणि इथेच लिहा, पुढचं त्याप्रमाणे सांगतो.